‘की’ या एकाक्षरी शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अष्टागरात, म्हणजे अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या नारळी-पोफळीच्या पट्ट्यात, मी बरीच वर्षे मराठी शिकवली. त्या काळात विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि गावात येणाऱ्या अभ्यासू पाहुण्यांनी मला ज्या शब्दाविषयी पुन्हा पुन्हा विचारले, तो शब्द एका अक्षराचा आहे. तो संस्कृत आहे, फारसी आहे, पोर्तुगीज आहे, इतकेच काय, हिब्रू आहे, असेही मला वेगवेगळ्या वेळी ठामपणे सांगण्यात आले. यांतील एकही म्हणणे उगाच केलेले नव्हते. या चारही भाषा या किनाऱ्यावर खरोखरच उच्चारल्या गेल्या आहेत आणि चारहींत ‘की’सारखा ध्वनी ‘की’सारखेच काम करतो. त्यामुळे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जे प्रश्न सर्वांत जास्त आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहीत आहे.

मराठीत ‘की’ कोणकोणती कामे करतो?

पहिले काम विकल्प मांडण्याचे. बाजारात कोळीण विचारते, “सुरमई देऊ की पापलेट?” येथे ‘किंवा’ घालून पाहावे, म्हणजे फरक लगेच कळतो. “सुरमई किंवा पापलेट चालेल” या वाक्यात कोणी काही विचारत नाही, दोन्ही वस्तू सारख्याच मान्य आहेत एवढेच सांगितले जाते. ‘की’ आला म्हणजे मात्र ऐकणाऱ्याला दोहोंतून एक निवडावेच लागते. ‘की’मध्ये प्रश्न दडलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण त्याच्या मुळाचा शोध येथूनच सुरू होतो.

दुसरे काम एका वाक्यात दुसरे वाक्य बसवण्याचे. “तांडेल म्हणाला की आज वारा बरा नाही.” येथे प्रश्न नाही, पर्याय नाही. काय म्हणाला, ते उलगडून सांगायचे आहे. शालेय व्याकरणात याला स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. “पाऊस इतका लागला की पलीकडचा किनारा दिसेना” यातील ‘की’ याचाच जवळचा नातेवाईक आहे, फक्त येथे उलगडा परिणामाचा होतो.

तिसरे काम मला विशेष आवडते. “मिरग लागला की पेरणीची घाई सुरू होते.” “नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा समुद्रात जातात.” एक गोष्ट घडताच दुसरी घडते, हे सांगण्यासाठी इतका कमी खर्चाचा दुसरा शब्द मराठीत नाही. या वाक्यांत ‘की’ पहिल्या उपवाक्याच्या शेवटी चिकटलेला असतो आणि त्या उपवाक्याला काळाचे किंवा अटीचे रूप देतो. ‘म्हणाला की’मधील ‘की’ पुढे येणाऱ्या वाक्याची वर्दी देतो, ‘लागला की’मधील ‘की’ मागच्या वाक्याला गाठ मारतो. एकच अक्षर दोन दिशांना तोंड करून उभे राहते.

चौथे काम आग्रहाचे किंवा पुस्तीचे: “घे की अजून एक सोलकढी”, “आहे की घरात”. माझ्या मते ही ठेवण ‘आहे की नाही?’ या पूर्ण प्रश्नातून आली असावी. ‘नाही’ हा अर्धा भाग गळून पडला आणि ऐकणाऱ्याने होकार द्यावा ही अपेक्षा तेवढी मागे राहिली. हे माझे मत आहे, सिद्ध झालेला नियम नव्हे.

या शब्दाचे मूळ कोणते?

संस्कृतातील ‘किम्’, प्राकृतातील ‘किं’, जुन्या मराठीतील ‘कीं’ आणि आजचा ‘की’, अशी ही वाट आहे. ‘किम्’ म्हणजे ‘काय’. संस्कृतात वाक्याच्या आरंभी ‘किम्’ ठेवला की साध्या विधानाचा प्रश्न होतो, आणि दोन पर्यायांतून एकाची विचारणा करतानाही तो वापरला जातो. मराठी ‘की’मधील निवडीचा अर्थ थेट तेथून आला आहे.

‘किम्’ची मुले मराठीत किती आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की त्यांना नेहमीच आश्चर्य वाटते. ‘किंवा’ म्हणजे ‘किम्’ आणि ‘वा’. ‘किंतु’ म्हणजे ‘किम्’ आणि ‘तु’. ‘किंचित’मध्ये ‘किम्’च्या जोडीला ‘चित्’ आहे आणि त्या ‘चित्’कडे पुढे पुन्हा यावे लागेल. ‘किंवदंती’मध्ये ‘लोक काय बोलतात’ हा अर्थ आहे, तर ‘किंकर्तव्यमूढ’ म्हणजे काय करावे हे न सुचणारा. पसायदानात ‘किंबहुना सर्वसुखी’ असे शब्द येतात. रोज ते म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते की ‘किंबहुना’चा मूळ अर्थ ‘फार बोलून काय’ असा आहे. ज्ञानदेव मागणे मागता मागता थांबतात आणि म्हणतात, आणखी किती सांगू, सर्वच सुखी होवोत. एका ‘किम्’चा अर्थ उघडला आणि ओवीचा सूर बदलला.

‘किंमत’ मात्र या घरातील नाही. तो अरबी शब्द आहे आणि ‘किं’शी त्याचे साम्य निव्वळ ध्वनीचे आहे.

जुन्या पुस्तकांत ‘कीं’ असा अनुस्वार का दिसतो, आणि आज तो का देत नाहीत?

तो अनुस्वार म्हणजे ‘किम्’मधील ‘म्’ची खूण होती. उच्चारातून तो कधीच गेला होता, पण लेखनात व्युत्पत्तीची आठवण म्हणून टिकला होता. मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली शुद्धलेखनाचे 14 नियम मान्य केले आणि 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. या नियमांनुसार जे अनुस्वार उच्चारले जात नाहीत ते लिहायचे नाहीत, म्हणून ‘कीं’चा ‘की’ झाला. शिकवणारा म्हणून मला ही सोय पटते, पण मुळाचा माग काढताना तो एक ठिपका किती उपयोगी पडतो हे पाहिले की थोडी हळहळही वाटते.

दीर्घ ‘ई’बद्दलही विचारले जाते. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचा, ‘आणि’ व ‘नि’ हे त्याला अपवाद, असा नियम आहे. ‘की’ त्या अपवादांत नाही. तो मराठीत नेहमी दीर्घच लिहावा.

हिंदीतील ‘कि’ आणि ‘की’ म्हणजे हाच शब्द का?

हिंदीत ते दोन वेगळे शब्द आहेत. ऱ्हस्व ‘कि’ हे उभयान्वयी अव्यय आहे आणि त्याचे काम आपल्या ‘म्हणाला की’सारखे आहे. दीर्घ ‘की’ हा ‘का, के, की’ या षष्ठीच्या प्रत्ययांतील स्त्रीलिंगी आकार आहे. तो ‘कृ’ धातूच्या ‘कृत’सारख्या रूपांतून आला आहे, त्याचा ‘किम्’शी संबंध नाही. मराठी लिहिताना ‘कि’ असे ऱ्हस्व रूप लिहिण्याची चूक बहुतेक वेळा हिंदी वाचनाच्या सवयीतून होते.

‘म्हणाला की’ यातील ‘की’ फारसीतून आला, असे म्हणतात. ते खरे आहे का?

हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर देताना शब्द आणि शब्दाचे काम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

फारसीत ‘के’ हा शब्द आहे. हिंदुस्थानात तो ‘कि’च्या जवळ उच्चारला गेला. तो वाक्यात वाक्य बसवतो, ‘जो’ या अर्थाने नामामागे येतो, आणि ‘कोण’ असाही त्याचा अर्थ होतो. मध्य फारसीत ‘कोण’साठी ‘के’, उपवाक्य जोडण्यासाठी ‘कू’ आणि ‘जेव्हा’साठी ‘क’ असे तीन वेगळे शब्द होते. पुढे त्यांची कामे एकाच शब्दात मिसळली. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही काळात दाभोळ आणि चौल ही बंदरे गजबजलेली होती आणि दरबाराचा कागद फारसीत लिहिला जात असे. मुरूडच्या समुद्रात जंजिऱ्यावर सिद्दींची सत्ता पिढ्यान्पिढ्या होती. फारसीची ओळख या किनाऱ्याला लांबून झालेली नाही.

आता जुन्या मराठीकडे पाहू. ज्ञानेश्वरीत ‘कीं’ भरपूर आहे, पण तो प्रामुख्याने ‘अथवा’ या अर्थाने आणि एका उपमेला दुसरी उपमा जोडण्यासाठी येतो. ‘असे म्हटले की’ हे सांगण्यासाठी जुन्या मराठीचे हक्काचे शब्द ‘जे’, ‘ऐसे’ आणि ‘म्हणौनि’ हे होते. शिवकालीन पत्रे पाहावीत. “आज्ञा केली ऐसी जे” अशा शब्दांनी पत्राचा मजकूर सुरू होतो. आज आपण तेथे ‘की’ घातला असता. शालेय व्याकरणात स्वरूपबोधक अव्ययांच्या यादीत ‘की’च्या शेजारी ‘जे’ अजून छापला जातो. विद्यार्थी तो न समजता पाठ करतात, पण तो या जुन्या व्यवस्थेचा उरलेला पुरावा आहे.

यावरून मी जो निष्कर्ष काढतो तो असा. ‘की’ हा ध्वनी आणि त्याचा विकल्पाचा अर्थ मराठीला वारशाने मिळाला, तो कोणाकडून उसना घेतलेला नाही. पण ‘म्हणाला’, ‘वाटले’, ‘कळले’ यांच्यामागे उभे राहून पुढचे वाक्य उघडण्याचे काम त्याच्याकडे आले, त्यात फारसीच्या सहवासाचा मोठा वाटा असावा. घरात आधीच असलेल्या मुलाला शेजाऱ्याच्या त्याच नावाच्या मुलाकडे पाहून नवा धंदा शिकवावा, तसे हे झाले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा दरबार, दुर्ग, सैन्य अशा विषयांतील परकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. नामे अशी बदलता येतात, कारण ती डोळ्यांना दिसतात. वाक्याच्या सांध्यातील अव्ययाच्या कामाला कोश पोहोचत नाही, बोलणाऱ्याला ते परके वाटतच नाही.

पोर्तुगीजांचा ‘की’ कोठून आला, आणि आपला ‘की’ त्यांच्याकडून आला का?

आला नाही. पोर्तुगीज या किनाऱ्यावर येण्याच्या दोनशे वर्षे आधी ज्ञानेश्वरीत ‘कीं’ होता, त्यामुळे हा प्रश्न येथेच मिटतो. पण पोर्तुगीज शब्दाची हकीकत सांगण्यासारखी आहे.

पोर्तुगीज भाषेत क्यू, यू, ई या अक्षरांनी लिहिला जाणारा एक छोटा शब्द आहे. त्याचा उच्चार ‘की’ आणि ‘क’ यांच्या मध्ये कोठेतरी पडतो. त्याचे अर्थ ‘काय’, ‘जो’ आणि ‘म्हणाला की’मधील ‘की’. तो लॅटिनमधील ‘क्विद’, ‘क्वेम’ या प्रश्नवाचक आणि संबंधी सर्वनामांच्या कुटुंबातून आला आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ठाणे मांडले आणि 1740 साली ते मराठ्यांच्या हाती गेले. सत्ता गेली, पण कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीजपासून घडलेली एक मिश्र बोली मागे राहिली. सुमारे हजार माणसे ती आजही घरात बोलतात. तिला तेथील लोक ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. त्या बोलीत ‘काय’ या अर्थी ‘की’ हाच शब्द आहे. पुलाच्या अलीकडे मराठी ‘की’ आणि पलीकडे हा ‘की’, असे दोन्ही एकाच गावच्या एसटीत ऐकू येतात. कोर्लईचे लोक मराठीही तितक्याच सहजपणे बोलत असल्याने एकाच तोंडून दोन्ही ‘की’ निघतात.

या दोन शब्दांची गाठ किनाऱ्यावर आणखी एका ठिकाणी पडली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि 1619 साली वारले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीच्या गौरवाच्या त्यांच्या ओव्या बहुतेकांना पाठ असतात:

जैसी पुष्पांमाजि पुष्प मोगरी ।
कीं परिमळांमाजि कस्तुरी ।

या ‘कीं’कडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो जुन्या मराठीतील, उपमेला उपमा जोडणारा अस्सल ‘कीं’ आहे. पोर्तुगीज लेखनपद्धतीत ‘कि’ हा उच्चार क्यू, यू, आय असा लिहितात, त्यामुळे छापील पानावर मराठी शब्दाला थेट त्याच्या लांबच्या भावंडाचा पोशाख मिळाला. भावंड म्हणण्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

संस्कृत, फारसी आणि पोर्तुगीज शब्द सारखे असणे हा योगायोग नव्हे, हे कशावरून?

एक शब्द सारखा दिसला म्हणून नाते ठरत नाही. सगळे कुटुंब सारखे दिसले पाहिजे. मराठीत प्रश्न विचारणारे शब्द एका रांगेत मांडावे: कोण, काय, केव्हा, कुठे, किती, कसा. सगळे ‘क’ने सुरू होतात. संस्कृतात कः, किम्, कदा, कुत्र, कति. फारसीत ‘के’ म्हणजे कोण, ‘कय’ म्हणजे केव्हा, ‘कोजा’ म्हणजे कोठे. लॅटिनमध्ये ‘क्विस’ कोण, ‘क्विद’ काय, ‘क्वांदो’ केव्हा, ‘क्वोत’ किती. पोर्तुगीज भाषेत त्यांचेच वंशज आहेत. अशी अख्खी रांग जुळणे योगायोगाने शक्य नाही. या सर्व भाषांच्या पूर्वज भाषेत ‘क्व’सारख्या ध्वनीने सुरू होणारे प्रश्नवाचक सर्वनाम होते, असे भाषाशास्त्र मानते. इंग्रजीतील ‘हू’ आणि ‘व्हॉट’ याच रांगेतील आहेत. तेथे मूळचा ‘क’ नियमाने ‘ह’ झाला, आणि तो नियम याकोप ग्रिम यांनी 1822 साली मांडला.

आता मघाशी बाजूला ठेवलेला ‘चित्’ पुन्हा घेऊ. लॅटिन ‘क्विद’ला संस्कृतात अचूक जोडीदार शोधला तर तो ‘किम्’ नाही, तो ‘चित्’ आहे. कारण संस्कृतात पुढे मूळचा इ किंवा ए आला की या ‘क’चा ‘च’ होत असे. हा नियम 1870 च्या दशकात अनेक अभ्यासकांना स्वतंत्रपणे सापडला. मग ‘किम्’मध्ये ‘क’ कसा? ‘कः’, ‘कदा’, ‘कति’ या भावंडांकडे पाहून तो पुन्हा बसवला गेला. जुना, नियमाप्रमाणे घडलेला ‘चित्’ मात्र कदाचित, क्वचित, किंचित या शब्दांच्या शेपटाशी आजही जिवंत आहे. ‘किंचित’ या एका शब्दात दोन्ही पिढ्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. फारसीतही हीच जोडी आहे: ‘के’ म्हणजे कोण आणि ‘चे’ म्हणजे काय.

हे नाते ओळखण्याचा मान साधारणपणे विल्यम जोन्स यांच्या 1786 सालच्या कलकत्त्यातील व्याख्यानाला दिला जातो. पण कोकणच्या माणसाने दोन नावे विसरू नयेत. स्टीफन्स यांनी 1583 साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी असल्याचे नोंदवले, म्हणजे जोन्स यांच्या 203 वर्षे आधी. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत आणि इटालियन शब्दांतील, विशेषतः अंकांच्या नावांतील, साम्य पत्रातून कळवले. तो 1588 साली गोव्यातच वारला. दोघांनीही सिद्धांत मांडला नाही, पण त्यांच्या कानांनी नाते पकडले, आणि ते याच किनाऱ्यावर.

हिब्रू प्रार्थनेत ‘की’ ऐकू येतो. तोही याच घराण्यातला का?

हा प्रश्न आमच्या भागातच विचारला जाऊ शकतो. रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. तेलाच्या घाण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची भाषा हिब्रू. आज बहुतेक कुटुंबे मुंबईला किंवा इस्राएलला गेली आहेत, पण पेणकर, दिवेकर, रोहेकर ही आडनावे गावांची आठवण सांगतात. स्तोत्रांपैकी 136 व्या स्तोत्राला 26 चरण आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘की लेओलाम हस्दो’ हे ध्रुपद येते. अर्थ असा: कारण त्याची कृपा सर्वकाळ टिकते. मराठी बोलणाऱ्या भाविकाला तो ‘की’ आपलाच वाटला, तर त्यात नवल नाही. शिवाय हिब्रू ‘की’चे अर्थही चकित करणारे आहेत: ‘कारण’, ‘म्हणाला की’मधील ‘की’, आणि ‘जेव्हा’. ‘मिरग लागला की’मधील आमचा लाडका अर्थसुद्धा त्याच्याकडे आहे.

तरीही हे नाते नाही. हिब्रू ही सेमिटिक कुळातील भाषा आहे, तिच्या ‘की’चा आप्त अरबीतील ‘कय’ हा ‘यासाठी की’ या अर्थाचा शब्द आहे. मागच्या उत्तरातील कसोटी लावून पाहावी. हिब्रूत ‘कोण’ला ‘मी’ म्हणतात, ‘काय’ला ‘मा’ आणि ‘केव्हा’ला ‘माताय’. प्रश्नांच्या या रांगेच्या तोंडाशी ‘म’ आहे, ‘क’ नाही. मराठी ‘मी’ आणि हिब्रू ‘मी’ यांचा ध्वनी तंतोतंत एक आहे, पण एक बोलणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा अनोळखी माणसाकडे. शब्द जितका छोटा, तितके असे साम्य स्वस्त असते. एक व्यंजन आणि एक स्वर यांची जगात फार जुळणी शक्य नसल्याने दूरदूरच्या भाषांना तेच तुकडे पुन्हा वापरावे लागतात. दोन्ही भाषांनी त्या तुकड्याला इतके सारखे काम द्यावे, हा मात्र खरोखरच दुर्मीळ योगायोग आहे, आणि तो अलिबागच्या परिसरात दोन्ही बाजूंनी ऐकू येत राहिला, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आणखी कोणत्या भाषांत ‘की’ आहे?

फ्रेंचमध्ये ‘की’ म्हणजे ‘कोण’. तो लॅटिनमधून आलेला, म्हणजे आपल्या घराण्यातला. तुर्कीत दोन ‘की’ आहेत: एक स्वतःचा, नामाला जोडून ‘तेथला’ अशा अर्थाचे विशेषण करणारा, आणि दुसरा फारसीतून घेतलेला, वाक्य जोडणारा. फारसी ‘की’ जोडून तयार झालेला ‘बेल्की’ तुर्कीत ‘कदाचित’ या अर्थाने वापरला जातो. तोच शब्द हिंदीत ‘बल्कि’ होऊन ‘उलट’ या अर्थाला गेला. इंग्रजीतील कुलूप उघडणारी ‘की’ यांपैकी कोणाचीही नाही. मराठीत तिच्यासाठी असलेल्या दोन शब्दांपैकी ‘किल्ली’ संस्कृत ‘कील’शी जोडलेला आहे आणि ‘चावी’ पोर्तुगीज ‘शाव्ह’पासून आला आहे.

मालवणी आणि कोंकणीत ‘की’ची जागा कोण घेतो?

विकल्पासाठी मालवणीतही ‘की’ आहेच: “तू येतलंस की नाय?” पण होकाराची अपेक्षा करताना मालवणी माणूस ‘की’पेक्षा ‘मां’कडे वळतो: “जेवलंस मां?” गोव्याच्या कोंकणीत शब्दामागे ‘गी’ ऐकू येतो. ‘कोण गी’ म्हणजे कोण जाणे कोण.

खरा फरक ‘म्हणाला की’च्या जागी दिसतो. दक्षिणेकडे सरकावे तसतसे वाक्य जोडण्याचे काम मागून येणाऱ्या ‘म्हणून’कडे जाते. कोंकणीत “तो येतलो म्हूण सांगलें” असे म्हणतात, म्हणजे सांगितलेली गोष्ट आधी आणि सांगणे नंतर. कानडीतही अगदी हीच ठेवण आहे: “बरुत्ताने अंत हेळिद”, म्हणजे ‘येतो असे म्हणाला’. यातील ‘अंत’ हा ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झाला आहे, जसा आपला ‘म्हणून’. मराठी दोन्ही पद्धती बाळगते. “येतो म्हणून सांगितलं” आणि “सांगितलं की येतो” ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच दिवशी बोलली जातात. किनाऱ्यावर एका बाजूने उत्तरेकडची आणि दुसऱ्या बाजूने दक्षिणेकडची वाक्यरचना भेटते.

मग शुद्ध मराठीत ‘की’ टाळून ‘असे’ वापरावे का?

टाळण्याचे कारण नाही. आशय छोटा असेल तर “तो येणार असे कळले” हे वाक्य आटोपशीर होते. आशय लांब असेल, त्यात आणखी उपवाक्ये असतील, तर तो सगळा ‘असे कळले’च्या आधी कोंबल्याने वाचणाऱ्याला क्रियापदासाठी फार वाट पाहावी लागते. तेथे ‘कळले की’ म्हणून पुढे मोकळेपणाने लिहावे. दोन्ही एकदम, म्हणजे “असे कळले की”, हेही चालते. त्यातील ‘असे’ जुन्या ‘ऐसे जे’चाच वारस आहे. एका वाक्यात तीन-तीन ‘की’ आले तर मात्र वाक्य मोडून दोन करावीत.

स्वल्पविराम ‘की’च्या आधी द्यावा की नंतर?

वाक्य मोठ्याने वाचावे आणि श्वास कोठे थांबतो ते पाहावे. मराठीत तो ‘की’च्या नंतर थांबतो: “तांडेल म्हणाला की, आज वारा बरा नाही.” म्हणून द्यायचाच असेल तर स्वल्पविराम ‘की’नंतर द्यावा. ‘की’च्या आधी देण्याची रीत इंग्रजी आणि हिंदी छपाईच्या सवयीतून येते, मराठी बोलण्यातून नाही. छोट्या वाक्यांत तो दिला नाही तरी अर्थ बिघडत नाही. ‘मिरग लागला की’ या ठेवणीत पुढचे वाक्य लांब असेल तेव्हाच त्याची गरज पडते, आणि विकल्पाच्या ‘की’ला तो दोन्ही बाजूंनी नको. ‘सुरमई की पापलेट’ हे एका श्वासात विचारले जाते.